अकरा नंबरचा पवना

चंद्रभागानं झारी दाणकन खाली ठेवली. "सदतीस डोंगरांवरचं गवत एकच? कोण म्हणतं?"

"डीएनए तपासणारं मशीन म्हणतं, मावशी," शेफाली पुटपुटली. ती या संस्थेत पवना गवताच्या वंशावळीवर पीएच.डी. करत होती. चंद्रभागा बावीस वर्षं इथली शेड सांभाळत होती. कंत्राटावर, दर मार्चला नवी सही. चाळीस डोंगरांवरून आणलेला पवना चाळीस कुंड्यांत डुलत होता. "आमच्या बाईंच्या शेडमध्ये एक नांगी दाखवा," असं शेफालीचे मार्गदर्शक श्रीधरसर पाहुण्यांना कौतुकानं सांगत. नांगी म्हणजे रोप मरून मोकळी पडलेली जागा. ती तिथे कधी कुणाला दिसली नव्हती.

बारा वाजता वनखात्याचे अधिकारी यायचे होते. सरांचा अहवाल तयार होता. चराईनं गवताचे वाण संपले, चाळिसातल्या सदतीस डोंगरांवर एकच वंश उरला, सबब हे डोंगर दहा वर्षं जनावरांना बंद करावेत. त्यातला अकरा नंबरचा डोंगर कात्रजच्या पलीकडचा. तिथे चंद्रभागाच्या भावाची, संभाजीची, चौदा जनावरं चरत. डोंगर बंद म्हणजे गोठा बंद.

ती तशीच सरांच्या केबिनमध्ये घुसली.

"सर, वेल्ह्याचा पवना लालसर, जुन्नरचा राठ. आंधळ्या म्हशीलासुद्धा फरक कळतो."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हशीचा अभिप्राय जोडू या का अहवालाला? बाई, तुमचा भाऊ तिथे चारतो, म्हणून तुम्हाला फरक दिसतो. मशीनला भाऊ नसतो."

चंद्रभागा शेडमध्ये परतली ती धुमसतच. तिनं नळ उघडला, बंद केला, पुन्हा उघडला.

"भाऊ काढतायत माझा! दोन वर्षांत एक डोंगर चढले का हे? मे महिन्यात मोटर जळाली तेव्हा कुठं होतं यांचं मशीन? तीन अर्ज दिले मी. सर परदेशात, ऑफिस म्हणतं सही नाही. एकोणीस दिवस बादल्या वाहिल्या या हातांनी. आणि आता म्हणे जनावरांनी वाण खाल्ले!"

शेफाली मान खाली घालून कुंड्यांवरची लेबलं पुसत होती.

"तू तरी सांग त्यांना. डोंगरावर पानं तोडून डब्यांत भरलीस, तेव्हा मी होते ना बरोबर? ती काय एकसारखी होती?"

"ती पानं वाया गेली, मावशी. फ्रीज बंद पडला होता. मशीनमध्ये घातली ती या जानेवारीत तोडलेली. ह्या कुंड्यांतली."

चंद्रभागाच्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला. पाणी चपलांत शिरलं तरी ती हलली नाही. तिनं पहिल्या कुंडीपासून शेवटच्या कुंडीपर्यंत सगळी रांग पाहिली. हिरवीगार. सारख्या उंचीची. मोत्याच्या दाण्यांसारखी एकसारखी.

"काय झालं?"

"काही नाही. मार्च कधी आहे गं?"

"दोन आठवड्यांवर."

तिनं नळ बंद केला. पदराला हात पुसले. सभागृहाच्या दारातल्या शिपायानं "अहो, आत साहेब लोक आहेत" म्हणेपर्यंत ती आत पोचलीसुद्धा. सर अहवालावर सही करायला पेन उघडत होते.

"बाई, आता काय? म्हैस आली का साक्षीला?"

अधिकारी हसले. चंद्रभागा हसली नाही.

"तुमचं मशीन खरं बोललं, सर. मोटर जळाली तेव्हा छत्तीस कुंड्या मेल्या. अकरा नंबरचं ठोंब फोडून त्या नांग्या मी भरल्या. दणकट तेवढंच राहिलं होतं. रोज जनावरं चरतात ना, तिथलं."