चौथ्या डिस्कची बेरीज

"ब्याऐंशी टक्के!" कपाटात डोकं खुपसूनच नवऱ्याने आरोळी ठोकली.

तिने घड्याळ पाहिलं. दुपारचे दोन वाजले होते आणि तिचा अर्ज सहाच्या आत जायला हवा होता. सोबत पाठवायचे पक्ष्यांचे आवाज कपाटातल्या चार डिस्कच्या पेटीत होते. तेही नेमके काल सकाळी बंद पडलेल्या डिस्कवर. चार वर्षं रानोमाळ भटकून तिने ते टिपले होते. निवड झाली तर दोन वर्षं एका दूरच्या बेटावर राहायचं आणि फक्त पक्षी ऐकायचे!

"दोन वर्षं मी इथे भिंतींशी गप्पा मारू का?" असं नवरा सुरुवातीला म्हणाला होता खरा. पण काल डिस्क गेली आणि तिने हातपाय गाळले, तेव्हा बाह्या सरसावून तोच उभा राहिला. "अगं, चार डिस्क काय शोभेला ठेवल्यात? तू दुकानातून नवी आण. बाकी माझ्यावर सोड."

दुकानदार भलताच बोलका निघाला. काउंटरवर चार पेनं मांडून त्याने तिची शिकवणीच घेतली.

"या तीन डिस्कवर तुमचा माल. चौथीवर नुसती तिघींची बेरीज, तिला पॅरिटी म्हणायचं. एक गेली, की बेरजेतून उरलेल्या दोघी वजा करायच्या. गेलेलीवर काय होतं ते कळतं, आणि पेटी ते नव्या डिस्कवर लिहून काढते."

"एवढं सोपं?" ती हरखलीच. मग जरा घुटमळली. "दोन आठवड्यांपूर्वी त्याच डिस्कवरचा एक आवाज माझ्या हातून पुसला गेलाय. तोही परत येईल?"

"नाही ताई. कॉम्प्युटरवरून तुम्ही काही पुसलंत, की पेटी बेरीजही तिथल्या तिथे बदलते. डिस्क बाहेर काढून, दुसरीकडे जोडून पुसलं, तरच बेरजेला पत्ता लागत नाही. ती बिचारी जुनाच हिशोब धरून बसते. म्हणून तर बेरीज जुळते का, याची महिन्यातून एकदा तपासणी लावायची. लावता ना?"

"ते सगळं नवरा बघतो. पेटीला कुलूप आहे आणि किल्ली त्याच्याच खिशात असते."

गेल्या रविवारी पेटीने तपासणीची आठवण करून दिली होती, आणि "डिस्कना उगाच कशाला दमवायचं?" म्हणत नवऱ्याने ती टाळली होती. पण घरातला आळस दुकानात कशाला सांगा, म्हणून तिने नवी डिस्क पिशवीत टाकली.

पुसला गेला तो आवाज एका दुर्मीळ जातीच्या रातव्याचा, म्हणजे रात्री ओरडणाऱ्या पक्ष्याचा होता. चाळीस सेकंदांचा. त्या जातीचा रातवा आजवर कुणालाच नीट टिपता आला नव्हता, अर्जातला तिचा हुकमाचा एक्का तोच. तो कधी पुसला, कसा पुसला, काही केल्या तिला आठवेना. दोन दिवस ती नुसती रडत होती. "दमलीस की काहीही दाबतेस," नवरा तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला होता. "एक आवाज नसला म्हणून काय झालं? तरीही पाठव अर्ज."

"नव्वद!"

तिने चहा केला आणि प्यायचा विसरली.

"सत्त्याण्णव! नखं खाऊ नकोस गं!"

पाच वाजायला दहा मिनिटं असताना पेटीवरचा दिवा हिरवा झाला. नवऱ्याने तिला उचलून गरकन फिरवलं. दोघंही लहान मुलांसारखी ओरडत होती. "आहे की नाही नवरा कामाचा?"

"आहे रे बाबा, आहे!" ती कॉम्प्युटरकडे धावली.

परत आलं होतं! सगळं! तिने आनंदाने यादी खालपर्यंत नेली. एकशे अठरा आवाज, आकडा तिला तोंडपाठ होता.

खाली लिहिलं होतं, एकशे एकोणीस.

तिने यादी पुन्हा वाचली. मग हेडफोन कानाला लावले. गोटी फरशीवर टप्पे खात दूर जावी, तसा तो आवाज. टक्, टक्, टक्. पूर्ण चाळीस सेकंद. तिला इतका आनंद झाला, की नवऱ्याला हाक मारायला तिने तोंडही उघडलं.

तो पेटीला कुलूप लावत होता. शीळ घालत त्याने किल्ली खिशात टाकली.

तिने तोंड मिटलं. रातवा अर्जाला जोडला, सगळ्यात पहिला, आणि अर्ज पाठवून दिला.

"काय गं," तो दारातून म्हणाला, "आलं ना सगळं जसं होतं तसं?"

"आलं," ती म्हणाली. "दोन आठवड्यांपूर्वी तू ती डिस्क बाहेर काढलीस ना, त्याच्या आधी होतं तसं."