मुक्ताची जास्वंद

टप्. सामसूम घरात जास्वंदीचं आणखी एक पान फरशीवर पडलं आणि शलाकाचा हात कणकेतच थांबला.

तिची लेक मुक्ता जन्मली तेव्हा तिची नाळ पुरली नव्हती. सगळ्याच मुलांचं करतात तसं दवाखान्यात नाळेतल्या पेशी एका रोपात रुजवल्या होत्या. मुलाला मोठं दुखणं येणार असलं, की त्याचं झाड आधी मान टाकतं. रत्नागिरीत ही जास्वंद कायम तजेलदार असायची. नागपुरात सामान उतरलं आणि पानं पिवळी पडायला लागली.

"अगं, कोकणातलं झाड ते. इथल्या कोरड्या हवेत रुसणारच," तिचा नवरा निनाद म्हणाला. "मुक्ता बघ की, बाहेर कशी उंडारतेय."

"आधी झाड आणि मग मूल, असंच असतं ना रे?"

शलाकाने कुंडी उन्हातून आत घेतली, पानांवरून ओलं फडकं फिरवलं, मग घाबरून पुन्हा खिडकीत ठेवली. मुक्ताच्या तपासण्यांत काही निघालं नव्हतं. पण तपासणीत आधी कळत नाही, म्हणून तर झाड असतं.

मुक्ता येऊन कुंडीशी उकिडवी बसली. पडलेलं पान तिने गालाला लावून पाहिलं.

"आई, बरं कुणाला नाहीये? झाडाला, की मला?"