घरातलं धडधाकट माणूस

नवऱ्याला ताण म्हणून द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावल्यापासून घरातली सगळी कटकट तिने आपल्या अंगावर घेतली होती. गळका नळ, लेकाची सुटलेली नोकरी, पार्किंगवरून शेजाऱ्यांशी होणारी रोजची हुज्जत, यातलं काही म्हणजे काही ती त्यांच्या कानावर जाऊ देत नसे. सकाळी ते खिडकीशी बसून दीर्घ श्वास घ्यायचे, तेव्हा कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून ती गॅसपाशी पहाऱ्याला उभी राहायची.

आज तिने त्यांचं बीपी मोजलं, तर ते इतकं छान आलं की त्यांचा विश्वासच बसेना.

"मशीन नीट आहे ना? तुझ्या दंडाला लावून बघ बरं. तुला काय धाड भरलीय!"

तिने ओले हात पुसले, पट्टा गुंडाळला आणि सकाळपासून पहिल्यांदाच खुर्चीत टेकली. मशीन घरघरून थांबलं. त्यांना दवाखान्यात हलवलं होतं, त्या दिवशीपेक्षाही आकडा वर होता.

त्यांनी चष्मा लावून तो नीट वाचला.



"बघ, म्हटलं नव्हतं? बिघडलंय मशीन. बाजारात जाशील तेव्हा दुरुस्तीला टाकून ये."