मुद्रितशोधकाचं मत

"खुनी बापच आहे, हे मला सुरुवातीलाच कळलं," बाबा म्हणाले. "रहस्यकादंबरीत एवढी घाई बरी नाही. माणसानं पुढं वाचायचं काय?"

बेबीनं पान उलटलं. "आणि बाकी?"

"भाषा ठीक. घड्याळजी चांगला उभा केलाय. पण तो स्वतःच्या पोराला कोंडतो कशासाठी? नुसता तापट म्हणून? तापट माणसं आरडाओरडा करतात, कड्या घालत नाहीत."

बेबीची पन्नाशी उलटली होती, पण वडिलांच्या लेखी ती बेबीच होती. बाबा जन्मभर छापखान्यात मुद्रितशोधक. दुसऱ्यांच्या चुका काढून त्यांनी संसार चालवला आणि म्हातारपणी काचबिंदूनं डोळे नेले. आता दुपारच्या चहानंतर बेबीनं नवी कादंबरी वाचायची आणि बाबांनी ऐकून मत द्यायचं, असा नेम झाला होता. मत रोखठोक असे. लेखकाचा मुलाहिजा नाही, वाचणारीचाही नाही.

बाबांना दिसत नव्हतं ते एका परीनं बरंच होतं. बेबीच्या मांडीवर कादंबरी नव्हतीच, टेलिफोनची जुनी डिरेक्टरी होती, पानांचा आवाज यावा म्हणून घेतलेली. कादंबऱ्या ती स्वतःच रचत होती, भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना.

हे सगळं दादासाठी. दादा तापानं गेला, असं तिला लहानपणापासून सांगितलेलं. तेव्हा ती इतकी लहान होती की त्याचा चेहराही तिला आठवत नव्हता. पण आत्यानं शेवटच्या आजारपणात तिचा हात धरून सांगितलं, "ताप कसला गं. छापखान्यातल्या कपाटात गुदमरला तो. बाहेरून कडी होती. तुझ्या बापाला विचार."

बेबीनं विचारलं होतं. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले आणि जेवायला उठले नाहीत. पुन्हा विचारायची तिची छाती झाली नाही.

मात्र बाबांची एक खोड तिला पक्की ठाऊक होती. चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आई गेली तेव्हा आलेल्या सांत्वनाच्या पत्रांवरही त्यांनी लाल खुणा केल्या होत्या. आपण चुकीचं सांगत राहू, कधीतरी ते दुरुस्त करतील, असा तिचा हिशेब होता.

घरातल्या एकाही कपाटाला कडी नव्हती. बाबांनीच त्या कधीकाळी उचकटून काढल्या होत्या. वारा सुटला की सगळ्या खोल्यांत कपाटांची दारं हलकेच आपटायची. आत्या बोलून गेल्यापासून बेबीला तो आवाज सोसवत नव्हता. आतून कोणीतरी दार वाजवतंय असं वाटायचं. ज्या हाताला धरून ती बाबांना रोज न्हाणीघरापर्यंत नेत होती, त्याच हातानं ती कडी घातली होती का? हे कळल्याशिवाय तिला त्यांच्यावर धड माया करता येत नव्हती, धड रागावताही येत नव्हतं.

दुसरी कादंबरी प्रेमकथा होती. तीत नायिकेचा भाऊ पेटाऱ्यात सापडतो आणि पेटाऱ्याची कडी बापानं घातलेली असते.

"नायक बिचारा दारात ताटकळतोय आणि लेखक हात धुऊन बापाच्या मागे लागलाय," बाबा म्हणाले. "हल्लीच्या लेखकांना बापांनी काय केलंय?"

बेबीला हसू आलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

तिसरी भयकथा. तीत तिनं आडपडदा ठेवलाच नाही. छापखाना, कागदाचं लोखंडी कपाट, छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांची पेटी उलथवणारा मुलगा, संतापलेला बाप. मुलाला तो आत ढकलतो, वरची कडी घालतो आणि कामाच्या गडबडीत विसरतो. पुढं बाप म्हातारा होतो तरी ते पोर आतून विचारत राहतं, "बाबा, उघडता का दार?"

बाबा रिकामा कप हातात फिरवत होते.

"भूत जमलंय," ते म्हणाले. "फार बोलत नाही."

"आणि बाप?"

"ती डिरेक्टरी ठेव आधी खाली."

बेबीनं डिरेक्टरी मिटून खाली ठेवली.

"कागदात जन्म गेला माझा. पहिल्याच दिवशी आवाजावरून ओळखली."

"मग ऐकत का राहिलात?"

"तुझा राग माझ्यावर आहे तोवर बरं चाललंय, असं वाटायचं. असू दे ना, बेबी. बापानंच केलं, असं राहू दे. माझी हरकत नाही."

"मला खोटं नकोय, बाबा. रोज देता तसं खरं मत द्या. कडी तुम्ही घातलीत ना?"

बाबांनी कप चाचपत बाजूला ठेवला. मग त्यांनी हात पुढं केला. तो तिच्या केसांना लागला आणि तिथंच राहिला.

"कडी वर नव्हती," ते म्हणाले. "खाली होती, लहान पोराच्या हाताला येईल अशी. आणि बाप तिथं नव्हताच, शाई आणायला गेला होता. पोरं लपाछपी खेळत होती, राज्य धाकटीवर होतं. दादा सापडला, आता पळून जाऊ नये म्हणून... मी आलो तेव्हा तू त्या कपाटाला टेकून गाढ झोपली होतीस, बेबी, कडीवर हात ठेवून."