तंगाखालची गाठ

"ही गाठ कुठून आली, बुद्धघोष?"

डॉक्टर आनंदनी हरिणीच्या पुढच्या डाव्या पायामागं बोट दाबलं, तशी घोडीनं अंग चोरलं. खोगीर आवळायचा पट्टा, म्हणजे तंग, पोटाखालून जिथं येतो, नेमकी तिथंच लिंबाएवढी गाठ उठली होती. वरची कातडी काळवंडून तिच्यावर फोड आले होते.

"चार दिसांमागंच म्हनलं न्हाय का तुमाला, खोगीर घालू नगा म्हनून," बुद्धघोष म्हणाला. शेळगावचा गडी. वीस वर्षं घोड्यांत गेलेली.

"म्हणालास. तुला आधी कसं कळलं, तेच विचारतोय."

घ्या! सांगितलं तरी चोर, नाही सांगितलं तरी चोर. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, तसं डॉक्टरांचं झालं होतं. अख्ख्या जळोचीचे दात तपासणारा हा शहाणा माणूस तीन दिवस एकच गोष्ट चघळत बसला होता: हा बाबा रात्री घोडी टेंपोत घालतो, लासुर्ण्याकडं कुणाच्या तरी वरातीत नवरदेवाखाली उभी करतो, तंग करकचून आवळतो आणि उजाडायच्या आत आणून बांधतो.

चोरी पकडायला त्यांनी युक्ती केली होती. रात्री जेवण झालं की तबेल्याच्या दारात रांगोळीचा जाड पट्टा ओढायचा, सकाळी घरातले उठायच्या आधी येऊन तो बघायचा, आणि मग पायानं फिसकटून टाकायचा. पण तिन्ही दिवस पट्टा जसाच्या तसा! घोडीचा खूर तर नाहीच, माणसाचं पाऊलसुद्धा नाही. मग हा पाच वाजता वैरण टाकायला आत येतो कसा? उडत? म्हणजे नक्कीच पुसतो आणि नवा पट्टा ओढतो. बेरकी आहे. डॉक्टरांची खात्रीच पटली.

"रविवारी आमच्या आसावरीची घोडेस्वारीची पहिली स्पर्धा होती," ते म्हणाले. "पोरगी कालपासून नीट जेवली नाही. खरं सांग, वरातीला नेतोस ना घोडी? कबूल कर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. आणि तुला का काढलं, ते बारामतीपासून इंदापूरपर्यंत एकेका घोडेवाल्याला मी सांगणार."

बुद्धघोषचा चेहरा उतरला. हे काम गेलं तर दुसरं शोधता येईल. पण एकदा असं नाव झालं की दोन्ही तालुक्यांत कुणी त्याच्या हातात लगाम देणार नव्हतं. त्याला भयंकर राग आला होता. पण आवाज चढवला असता तर तोही पुरावाच ठरला असता.

"डॉक्टर, तंग लावताना अंग चोराया लागली, म्हनून कळलं. आन् लई आवळून पळवली तर दोन्हीकडनं सोलवटंल की. ही डावीकडंच का?"

त्यानं खुंटीवरचा तंग काढला. त्यावर लोकरीचं नवं आवरण होतं, डॉक्टरांनीच पुण्याहून मागवलेलं. अजून महिनाही झाला नव्हता. बुद्धघोष ते बोटांनी चाचपत गेला आणि एका जागी थांबला.

"हितं कायतरी टनक हाय."

"फाड मग."

"मी न्हाय फाडनार. मी उसवलं तर म्हनाल, ह्यानंच घातलं. तुमी उसवा." त्यानं कात्री पुढं केली.

टाके बारीक होते, हातानं घातलेले. डॉक्टरांनी ते कापले, आणि आतून त्यांच्या तळहातावर एक बिबा पडला. सुईनं भोक पाडून काळ्या दोऱ्यात ओवलेला. त्याच्या तेलानं लोकर आतून काळीकुट्ट झाली होती.

"बिबा उतलाय," बुद्धघोष म्हणाला. "वरनं तंगाचा दाब, त्यात घाम. मानसाच्या कातडीला सोडत न्हाय त्यो, हिला सोडंल व्हय?"

डॉक्टरांची बायको मंदाकिनी घोडीसाठी गूळ घेऊन आली होती. बिबा बघून ती दारातच थबकली.

"अहो, मीच शिवला होता तो. दृष्ट लागू नये म्हणून."

"कुणाची?"

"कुणाची म्हणजे..." तिची नजर नकळत बुद्धघोषकडं गेली आणि झटकन खाली वळली. "येणाऱ्याजाणाऱ्याची."

तबेल्यात रोज येणारंजाणारं माणूस एकच होतं. बुद्धघोषला ते कळलं, आणि लागलंही. तो खोबरेल तेलाची बाटली घेऊन घोडीपाशी बसला आणि हलक्या हातानं गाठीवर तेल लावायला लागला. हरिणी निमूट उभी राहिली.

"पंधरा दिवस खोगीर घालायचं न्हाय," तो म्हणाला. "आन् वैनी, एक सांगू का? दारात रोज रांगोळी टाकताय, ती जरा कडंला टाकत जावा. तुमी हौसंनं घालताय, मोडू नये म्हनून मी अंधारात उडी मारून आत येतुया. गुडघा धरलाय माझा."

"रांगोळी?" मंदाकिनीनं नवऱ्याकडं बघितलं. "तबेल्यात मी कुठं रांगोळी टाकते?"

डॉक्टरांनी पांढरी झालेली चप्पल हळूच वैरणीखाली सारली.