मास्तरांची सुरी

"कॉफी घे आधी, मग रड," एदेल्मिरा म्हणाली.

ओदालिसनं डोळे पुसले. एदेल्मिराचे यजमान, मास्तर एवेलियो, वारले त्याला महिना झाला होता, आणि आज ओदालिसच्या नोकरीचा शेवटचा दिवस. पिनार देल रियोच्या चिरुटांच्या कारखान्यात चाळीस वर्षं ती कामगारांना मोठ्यानं वाचून दाखवत आली होती. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. त्यांचे हात कामात, कान हिच्या हवाली.

"मावशी, मास्तर नसते ना, तर माझं काही खरं नव्हतं."

"काहीतरीच!" एदेल्मिरा साखर ढवळत राहिली.

पण ओदालिसला तो दिवस कालच्यासारखा आठवत होता. शाळा संपून जेमतेम पंधरा दिवस झालेले. वय सतरा, अंगात आईचा सैल झगा. आईनं अंथरूण धरलेलं. ही नोकरी हुकली तर धाकट्या दोघा भावांना हवानातल्या नातेवाइकांकडे एकेक करून पाठवायचं, असं घरात ठरून चुकलं होतं.

आणि मुलाखत कसली! साहेबानं एकही प्रश्न विचारला नाही. त्याला विचारतो कोण? वाचक निवडायचा तो कामगारांनी. ऐंशी माणसं, प्रत्येकापुढे पानं कापायची सुरी. वाचन आवडलं तर सुरी फळीवर ठोकायची, नाही आवडलं तर जमिनीवर टाकायची. एक पडली की धडाधड सगळ्या पडतात. तिच्या आधीच्या उमेदवाराला तसंच घालवलं होतं. बिचारा टोपी विसरून पळाला.

ओदालिस बातमीचा कागद घेऊन वाचकाच्या मंचावर चढली. पहिलं वाक्य पुटपुटल्यासारखं निघालं. दुसऱ्याला ओळ चुकली.

"अगं, उंदराला तरी ऐकू जातंय का?" मागून कोणीतरी ओरडलं. हशा पिकला. दोघातिघांनी सुऱ्या उचलल्या आणि मास्तरांकडे पाहिलं.

सगळे मास्तरांकडेच बघायचे. त्यांच्यासारखा चिरूट वळणारा जिल्ह्यात नव्हता. बोलायचे कमी, तेही घोगरं, पण त्यांच्या कानाची ख्याती मोठी. ते हात थांबवून तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. त्यांनी बोटानं खूण केली: कागद खाली घे. शेजारच्या बाकावर त्यांची बायको एदेल्मिरा मान खाली घालून चिरूट वळत होती. तिनं एकदाही वर पाहिलं नाही.

ओदालिसनं कागद खाली घेतला. बातमी वादळात हरवलेल्या कोळ्यांची होती. शेवटचा कोळी घरी पोचला आणि तिचा आवाज मोकळा झाला.

टक. टक. टक.

मास्तरांची सुरी! मागोमाग ऐंशी सुऱ्या फळ्यांवर वाजू लागल्या. ओदालिस तिथंच उभी राहून ओक्साबोक्शी रडली. भाऊ घरीच राहिले.

पुढची पंचवीस वर्षं ती त्या एका माणसासाठी वाचत राहिली, आणि ते निवृत्त झाल्यावर त्यांच्या रिकाम्या बाकासाठी. मास्तर कधी चुकले नाहीत. रटाळ पुस्तकाला त्यांची सुरी गप्प. झकास पान आलं की नेमक्या शब्दावर टक! दुपारच्या सुट्टीत मात्र बसल्या बसल्या नडगी चोळायचे. बाक मेला अडचणीचा, म्हणायचे. असा देवमाणूस, पण कधी उपकाराची भाषा केली नाही.

"एकदा तरी विचारायला हवं होतं, मावशी," ओदालिस म्हणाली. "माझा आवाज तर पानासारखा थरथरत होता. मास्तरांनी त्यात काय ऐकलं असेल? काय कान होता हो त्यांचा!"

एदेल्मिरानं कप खाली ठेवला. आधी गालात हसली, मग तिला हसू आवरेना.

"कान? पोरी, त्याचे दोन्ही कान आठव्या वर्षीच गोवरानं गेले. पण बाईच्या सुरीला तेव्हा कोण विचारत होतं? मी आपली बाकाखालून लाथ घालायचे, की तो ठोकायचा."