पोपटाचं उष्टं

ठकूला सहावं लागलं तरी तोंडातून शब्द नव्हता. बहिरी म्हणावी, तर कल्याणच्या ठेसनात आगगाडीची शिटी झाली की कान झाकून घ्यायची.

"पोपटाचं उष्टं खाऊ घाल, वाचा फुटंल," शेजारच्या गोदूबाईनं सांगितलं. मालननं पोपट आणला. त्यानं टोचलेला पेरू ती रोज लेकीला भरवायची आणि विनवायची, "आई म्हण गं, बाय. एकदाच आई म्हण."

ठकू चिंचोके ओळीत मांडत राहायची.

चार महिन्यांनी मालन परसात भांडी घासत होती. घरातून हाक आली, "आई!"

खरकट्या हातांनी ती आत धावली. ठकू चिंचोके मांडत होती. पिंजऱ्यातून पुन्हा आवाज आला, "आई!"

मालन पिंजऱ्याकडे पाठ करून लेकीसमोर बसली. डोळे गच्च मिटून म्हणाली, "काय गं, बाय?"